चेहऱ्याची कैफियत : मनोविज्ञान आणि मिश्र माध्यमातील व्यक्तिचित्र

विसाव्या शतकात ज्या कलाप्रकारांवर मनोविज्ञानाचा अंमल बसला, त्यांत कादंबरी वगळल्यास व्यक्तिचित्राचा क्रम पहिला लागेल. तैलरंगाने किंवा ॲक्रिलिकने आरंभिलेला चेहरा, त्यावर डकवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे, औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, क्ष-किरणचित्रांचे तुकडे, टाके घालून जोडलेले कापड, आणि बाजूच्या चिठ्ठीवर ‘चिंता’, ‘विस्मृती’ किंवा ‘दुभंग’ असे शास्त्राच्या दप्तरातून उचललेले शीर्षक, हा मासला आजच्या प्रेक्षकाच्या इतका परिचयाचा झाला आहे की त्याविषयी आश्चर्यही वाटेनासे झाले आहे आणि विचारही होईनासा झाला आहे. प्रस्तुत आढाव्यात दोन प्रश्नांचा परामर्श घ्यावयाचा आहे. मनाविषयी शास्त्र जे सांगते ते चेहऱ्याच्या चित्रात उतरू शकते काय, हा पहिला. आणि उतरत असल्यास त्यासाठी अनेक साहित्यांची ही सरमिसळ खरोखरच आवश्यक आहे, की तो केवळ काळाचा पोशाख आहे, हा दुसरा.

आपल्या परंपरेने पहिल्या प्रश्नाची मांडणी फार पूर्वी करून ठेविली आहे. कामसूत्रावरील आपल्या टीकेत यशोधराने चित्राची जी सहा अंगे सांगितली, त्यांत भाव आणि सादृश्य ही दोन अंगे वेगवेगळी गणली आहेत. अर्थात एखाद्याचे नाक-डोळे हुबेहूब साधले म्हणजे त्याच्या अंतःकरणाची वृत्तीही आपोआप साधली, असे त्या शास्त्रकाराने गृहीत धरलेले नाही. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून जी व्यक्तिचित्रणाची परंपरा घडली, तिने सादृश्याचे अंग विलक्षण कसाने जोपासले. संस्थानिक, न्यायमूर्ती, दिवाण आणि शेठ-सावकार यांच्या तसबिरी दिवाणखान्यांत व सभागृहांत लागल्या. आणि आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्यासारख्या गोमंतकीय चित्रकाराच्या कुंचल्यातून घरच्या माणसांचे चेहरे मऊ उजेडात उजळले. तथापि मागणीबरहुकूम काढलेल्या तसबिरीत हुद्दा, पोशाख आणि प्रतिष्ठा यांची नोंद आधी होई, मनाची नोंद झाली तर नंतर. मन हाच चित्राचा विषय आहे, हा आग्रह युरोपात निर्माण झाला, आणि म्हणून त्याचा मागोवाही तेथूनच घेतला पाहिजे.

या मागोव्यात पहिले मोठे नाव थिओदोर जेरिको याचे. १८२० च्या आसपास या फ्रेंच चित्रकाराने मनोविकृत माणसांची व्यक्तिचित्रे रंगविली. जॉर्जे नावाच्या तरुण मनोरुग्ण-चिकित्सकाशी त्यांचा संबंध परंपरेने जोडला जातो. १८६३ साली जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे यांतील पाच चित्रे उजेडात आली, आणि आज ती गेंट, लियों, पॅरिस, विंटरथूर आणि अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड अशा पाच ठिकाणी विखुरलेली आहेत. चोरीचे वेड, जुगाराचे वेड, मत्सराचे वेड अशी त्यांची नावे आहेत. परंतु नावाची पट्टी झाकून चित्र पाहिले, तर यांतील चोर कोण आणि जुगारी कोण हे सांगण्याची कोणाचीही प्राज्ञा नाही. दिसतो तो एक थकलेला, कोठेतरी नजर गुंतलेला माणूस, ज्याला चित्रकाराने न्यायमूर्तीच्या तसबिरीला शोभेल अशाच गांभीर्याने रंगविले आहे. निदान पट्टीवर राहिले आणि माणूस चित्रात राहिला, हेच या चित्रांचे थोरपण आहे, आणि पुढील दोनशे वर्षांच्या साऱ्या वादाचे बीजही येथेच आहे.

शास्त्राला मात्र एवढ्याने समाधान नव्हते. त्याला चेहऱ्याची साक्ष हवी होती. १८६२ साली द्युशेन या फ्रेंच वैद्याने, ज्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली होती अशा एका वृद्धाच्या स्नायूंना विजेचा प्रवाह देऊन त्यांवर हर्ष, भय, वेदना यांचे आविष्कार उमटविले आणि त्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांतील काही डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावरील आपल्या ग्रंथात घेतली. त्याच दशकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोच्या देखरेखीखाली उन्मादग्रस्त स्त्रियांच्या छायाचित्रांचे खंड सिद्ध होऊ लागले. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने गुन्हेगारांची छायाचित्रे एकाच काचेवर एकावर एक उठवून ‘गुन्हेगाराचा नमुना’ शोधण्याचा घाट घातला. पण थर चढत गेले तसतसे व्यक्तिगत वैगुण्य पुसट होऊन जो चेहरा उरला तो मूळच्या चेहऱ्यांहून अधिक सौम्य आणि देखणा निघाला. गाल्टनच्या दाव्याची ही फजिती आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. द्युशेनच्या वृद्धाच्या चेहऱ्यावर भय होते, पण तो भ्यालेला नव्हता; गाल्टनच्या काचेवर गुन्हेगार होते, पण गुन्हा नव्हता. चेहऱ्याची जबानी मनाविरुद्ध पुरावा म्हणून दाखल करून घेता येत नाही, हे त्या शतकाने आपल्याच प्रयोगांनी सिद्ध केले, मात्र ते मान्य करावयास आणखी एक शतक लागले.

मधल्या काळात व्हिएन्नाने चित्रकाराच्या हाती दुसरेच साधन दिले. फ्रॉइडच्या त्या नगरीत तरुण ऑस्कर कोकोश्का याने १९०९-१० च्या सुमारास जी व्यक्तिचित्रे काढली, त्यांत रंग लावणे जितके महत्त्वाचे तितकेच तो खरवडणेही महत्त्वाचे होते. ओल्या रंगात कुंचल्याच्या दांड्याने, क्वचित नखांनी ओरखडे काढून त्याने कातडीखालची अस्वस्थता पृष्ठावर आणली. स्विस मनोरुग्ण-चिकित्सक ऑग्युस्त फोरेल याचे चित्र त्याने १९१० साली रंगविले तेव्हा त्यातील डोळे आणि हात पक्षाघात झालेल्या माणसासारखे दिसतात अशी तक्रार होऊन ते नाकारले गेले. पुढे फोरेलला खरोखरच पक्षाघात झाला आणि चित्रकाराच्या दिव्यदृष्टीची आख्यायिका जन्मास आली. अशा आख्यायिकांवर फार भार टाकू नये. पक्षाघात न झालेल्या कितीतरी माणसांची चित्रे त्याने तशाच थरथरत्या रेषेत काढली आहेत. कोकोश्काचे खरे देणे निराळे आहे. चित्राच्या पृष्ठावर झालेली कृती, म्हणजे ओरखडा, पुसणे, पुन्हा लिंपणे, ही स्वतःच मानसिक अवस्थेची नोंद होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. आणि मिश्र माध्यमाकडे जाणारी वाट येथून फुटते.

त्या वाटेवरचे पहिले ठाणे १९१२ चे. त्या वर्षी पिकासोने एका स्थिरचित्रात वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले, चौकटीला दोरखंड गुंडाळला, आणि रंगविलेली वस्तू व आणलेली वस्तू यांतील हद्द मोडली. महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये हान्ना ह्योख हिने सचित्र नियतकालिकांतील छायाचित्रे कापून, एका चेहऱ्यावर दुसऱ्याचा डोळा आणि तिसऱ्याचे ओठ बसवून, आधुनिक स्त्रीचे स्वत्व बाहेरच्या किती तुकड्यांनी बनविलेले असते ते दाखविले. दुसऱ्या महायुद्धानंतर झां द्युबुफे याने आपल्या लेखक-मित्रांचे चेहरे समोर न बसविता स्मरणातून, वाळू-खडे मिसळलेल्या जाड लगद्यात ओरबाडून काढले आणि १९४७ साली पॅरिसमध्ये मांडले. मनोरुग्णांनी काढलेल्या चित्रांचा जो संग्रह हान्स प्रिन्झहॉर्न याने १९२२ च्या आपल्या ग्रंथातून जगापुढे आणला होता, त्याचा ठसा द्युबुफेच्या एकंदर विचारावर होता. ऑस्ट्रियाच्या आर्नुल्फ रायनर याने तर स्वतःच्या वेड्यावाकड्या तोंडांची छायाचित्रे यांत्रिक कॅमेऱ्याकडून काढवून घेतली आणि त्यांवर काळ्या खडूचे व रंगाचे घाव घातले. या चौघांत शैलीचे साम्य नाही. परंतु चेहरा हा मिळालेला नसून जुळविलेला असतो, आणि ज्या वस्तूंनी तो जुळविला त्या वस्तूंचा पूर्वेतिहास चित्रात हजर राहतो, ही जाणीव चौघांनाही समान आहे.

येथे माध्यमाच्या कारागिरीविषयी थोडा खुलासा करणे इष्ट. वेगवेगळ्या साहित्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात आणि त्यांच्या संगतीला नियम असतात. ॲक्रिलिक पाण्याच्या बाष्पीभवनाने काही मिनिटांत वाळते, तैलरंग हवेतील प्राणवायू शोषून आठवड्यांनी घट्ट होतो. त्यामुळे ॲक्रिलिकवर तैलरंग चढविता येतो, परंतु तैलरंगाच्या स्निग्ध पृष्ठावर ॲक्रिलिक नीट धरत नाही आणि कालांतराने पापुद्रे सुटतात. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदातील लाकडी द्रव्य उजेडात पिवळे पडते आणि कागद ठिसूळ होतो. विस्मृतीच्या चित्रात डकवलेले पत्र पिवळे पडत जाणे हा अर्थाचा भाग ठरू शकतो. मात्र चित्रकाराने तो अर्थ जाणून योजला पाहिजे, नाही तर ती निव्वळ हयगय होय. मिश्र माध्यमातील चित्रात कोणता थर आधी, कोणता मागाहून, काय झाकले आणि काय उघडे ठेविले, याचा क्रम पाहणाऱ्याला पृष्ठावर वाचता येतो. एकाच माध्यमातील गुळगुळीत व्यक्तिचित्र हा क्रम लपविते. मिश्र माध्यम तो जाहीर करते. स्मृती आणि विस्मृती, दडपणे आणि उफाळणे या ज्या क्रियांविषयी मनोविज्ञान बोलते, त्या मुळातच क्रमाच्या क्रिया आहेत, आणि म्हणून या माध्यमाशी त्यांचे सख्य आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग येथे मिळतो.

उरलेला अर्धा भाग प्रेक्षकाच्या बाजूने मिळतो. हर्मान रोर्शाख याने १९२१ साली शाईच्या डागांची दहा पत्रे प्रसिद्ध केली तेव्हा चित्रात काय आहे यापेक्षा पाहणारा त्यात काय पाहतो, हा प्रश्न शास्त्राच्या केंद्रस्थानी आला. त्या कसोटीच्या विश्वासार्हतेविषयी पुढे कितीही वाद झाले, तरी प्रश्न टिकला. १९८० साली पीटर थॉम्प्सन या मानसशास्त्रज्ञाने मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातील डोळे व तोंड तेवढे उलटे बसविले. सबंध चित्र उलटे धरले असता काही बिघडल्याचे क्वचितच जाणवते, सुलटे केले की तो चेहरा भेसूर दिसतो. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या तळभागातील, चेहरे पाहताना विशेषत्वाने उत्तेजित होणारा एक प्रदेश निश्चित केला. या सर्वांचा मथितार्थ असा की आपण चेहरा अवयवशः वाचत नाही, तो एकसंध आकार म्हणून ग्रहण करतो, आणि तुटपुंज्या खुणांवरूनही तो पुरा करण्याची आपल्याला अनावर ओढ असते. कोलाजमधील चेहरा जगतो तो याच ओढीवर. चित्रकार तो जोडणे मध्येच सोडतो आणि आपण ते तडीस नेतो. त्या वेळी आपल्या मनाचे जे काम चालते तेही चित्राचाच भाग असते.

अमेरिकन चित्रकार चक क्लोज यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. त्यांना माणसांचे चेहरे ओळखता येत नसत. हा एक ज्ञात मज्जाविकार आहे. समोरच्या हलत्या चेहऱ्याने चकलेल्या या चित्रकाराने छायाचित्राचे चौकोन आखून, सपाट झालेला चेहरा तुकड्या-तुकड्याने मोठ्या कॅनव्हासवर नेला. कधी कागदाच्या लगद्यातून, तर १९८५ साली आपल्या पत्नीच्या आजीचे भव्य चित्र काढताना केवळ बोटांच्या ठशांतून. या चित्रांना मनोविकाराचे नाव नाही, मेंदूची आकृती नाही, काही नाही. परंतु पाहण्यातली एक अडचण चित्र करण्याच्या पद्धतीत सर्वस्वी मुरलेली आहे. मनोविज्ञानाने प्रेरित व्यक्तिचित्र कसे असावे याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा क्वचितच सापडेल.

त्याहून कठीण प्रकरण आहे ते आतून दिलेल्या साक्षीचे. ब्रायन चार्नली या इंग्रज चित्रकाराला छिन्नमनस्कतेचा विकार होता. १९९१ च्या वसंतापासून औषधांची मात्रा कमी करीत त्याने स्वतःची सतरा चित्रे काढली आणि त्यांसोबत टिपणेही लिहिली. पहिल्या चित्रातला ओळखू येणारा माणूस खुणांच्या, ओरखड्यांच्या आणि प्रतीकांच्या गर्दीत विरत जातो, आणि जुलै महिन्यात त्याने आत्महत्या केली. लंडनमध्ये स्थायिक झालेला अमेरिकन चित्रकार विल्यम उटरमोलन याला १९९५ साली अल्झायमरच्या विकाराचे निदान झाले. त्यानंतर सुमारे पाच वर्षे त्याने पेन्सिल, जलरंग, तैलरंग आणि मिश्र माध्यमे यांत स्वतःचाच चेहरा पुनःपुन्हा काढला, आणि २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्या चित्रांची दखल घेतली. प्रथम अवकाशाची मोजमापे ढळतात, मग डोळे-नाक-ओठ यांचे संबंध सुटतात; १९९९ च्या एका चित्रात चेहरा लिंपून पुसलेला आहे, आणि अखेरीस पेन्सिलीच्या काही रेषांचे नुसते डोके उरते.

ही चित्रमाला वैद्यकाच्या वर्गात अधोगतीचा आलेख म्हणून लावली जाते, आणि तेथे तिचा उपयोगही आहे. परंतु तेवढेच म्हणणे हा चित्रकारावर अन्याय होय. हात अवज्ञा करू लागला तेव्हा या माणसाने माध्यम बदलले, रेषा गेली तेव्हा रंगाचे थर वापरले, सादृश्य हुकले तेव्हा भावाला अधिक घट्ट धरले. आजाराने काय हिरावले याच्या नोंदीबरोबरच शिल्लक कौशल्यातून काय उभे करता येते याचीही नोंद त्या पृष्ठांवर आहे. चार्नलीच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. त्याच्या अखेरच्या कॅनव्हासांना वेदनेचे प्रमाणपत्र समजून त्यांपुढे हात जोडणे सोपे आहे. पण ती चित्रे आहेत, रचनेचे निर्णय घेऊन केलेली चित्रे आहेत, आणि त्यांचा विचार चित्रे म्हणूनच झाला पाहिजे.

मनोविज्ञानाची तिसरी दिशा समाजाकडे वळते. नैरोबीत जन्मलेल्या वांगेची मुटू हिने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्त्रीरोगांच्या जुन्या वैद्यकीय पत्रकांवर नियतकालिकांतील कात्रणे, चकाकी आणि केसाळ तुकडे चिकटवून स्त्रियांचे चेहरे घडविले. ज्या शास्त्राने ही शरीरे तपासणीसाठी मांडली, त्याच शास्त्राचा छापील कागद येथे चेहऱ्याची पार्श्वभूमी झाला. आपल्याकडे या विचाराचे पूर्वसूर फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्यात सापडतात. बार्देशातील साळगावी १९२४ साली जन्मलेल्या आणि गोव्याच्या कॅथलिक वातावरणात वाढलेल्या या चित्रकाराने संतांची आणि सद्गृहस्थांची मस्तके अशी काही रंगविली की त्यांचे डोळे कपाळात चढले आणि गालांवर बाण व रेघोट्या रुतल्या. पुढे अमेरिकेत असताना त्यांनी छापील मासिकांच्या पानांवरची शाई रसायनाने विरघळवून, मूळ प्रतिमा अर्धवट मिटवून, तिच्यावर आपली रेषा ओढली. मुंबईच्या अंजू डोडिया यांनी स्वतःच्याच चेहऱ्याला नाना भूमिका देऊन कोळसा व जलरंग यांनी कापडावर, एवढेच काय पण गाद्यांवर, चित्रे रंगविली. २००७ साली बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील दरबारात त्यांनी अशी चित्रे आरशांच्या तुकड्यांसह मांडली. झोप, आजारपण, स्वप्न आणि एकान्त यांची साक्षीदार असलेली गादीच चित्राचा फलक झाल्यावर मनाचा उल्लेख निराळा करावा लागत नाही.

हा सर्व इतिहास डोळ्यांपुढे ठेवून आजच्या सर्वसाधारण निर्मितीकडे पाहिले, तर तिचे वैगुण्य कोठे आहे हे सहज ध्यानात येते. उघडलेल्या कवटीतून बाहेर पडणारी फुले, गालाला गेलेला तडा, कोड्याचे निखळलेले तुकडे, डोळ्यांवरची पट्टी ही प्रतीके आता सरकारी शिक्क्याइतकी ठरीव झाली आहेत. त्यांत मनोविज्ञान शीर्षकापुरते असते आणि मिश्र माध्यम सजावटीपुरते. चिठ्ठी बदलली तर चिंतेचे चित्र नैराश्याचे म्हणून खपून जाईल. त्यातच मूलभूत भावना चेहऱ्यावर एका ठराविक साच्यात उमटतात, हा लोकप्रिय समज अशा चित्रांच्या मुळाशी असतो. आणि तोच समज २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन संशयास्पद ठरविला आहे. संतापलेला माणूस दर वेळी भुवया आवळतोच असे नाही, आणि भुवया आवळणारा दर वेळी संतापलेलाच असतो असेही नाही. शास्त्राच्या नावाने चित्रे काढणाऱ्यांनी निदान शास्त्र आज काय म्हणते याची खबर ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

यावर असा आक्षेप येईल की चित्रकार हा शास्त्रज्ञ नव्हे, आणि प्रतीकांवर त्याचा वारसाहक्क आहे. आक्षेपात तथ्य आहे. तथापि प्रतीक वापरण्याचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्याच्या मनावर निदानाचा शिक्का मारण्याचा अधिकार या भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र वा अन्य माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली आहे. कायद्याच्या कलमात रंगविलेल्या चित्राचा उल्लेख नाही. परंतु ज्या कारणासाठी ते कलम आले, ते कारण चित्रकाराच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी संपत नाही. आप्ताच्या आजाराचे कागद चित्रात डकविताना त्याची परवानगी घेतली होती काय, हा प्रश्न कलाबाह्य म्हणून उडवून लावता येणार नाही.

आरंभीच्या दोन प्रश्नांचा फैसला आता करता येईल. चेहऱ्याचे चित्र मनाचा पुरावा देऊ शकत नाही. ते मनाच्या व्यापाराची पद्धत मात्र आपल्या घडणीत स्वीकारू शकते, आणि जेथे ती स्वीकारली गेली तेथे चित्र मोठे झाले आहे. मिश्र माध्यम यासाठी अनिवार्य नाही, कारण जेरिकोने ते केवळ तैलरंगात साधले. पण थरांचा क्रम उघड ठेवण्याचे सामर्थ्य त्यात असल्यामुळे ते या कामी विशेष उपयुक्त आहे, मात्र चिकटविलेल्या प्रत्येक वस्तूला तेथे असण्याचे कारण असले पाहिजे. आपल्या कलाशाळांनी व्यक्तिचित्रणाच्या वर्गात शरीररचनेबरोबर दृक्संवेदनेच्या मानसशास्त्राचे चार पाठ ठेवावेत, आणि प्रदर्शन भरविणाऱ्यांनी निदानवाचक शीर्षकांना थोडा आळा घालावा. प्रेक्षकाकडे मागणे एवढेच की अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर चिठ्ठी शेवटी वाचावी. आधी पृष्ठावर काय काय, कोणत्या क्रमाने घडले ते पाहावे, आणि चिठ्ठीवाचून चित्र उभे राहत नसेल तर ते नापास करण्यास संकोचू नये.